चातुर्मासातले ट्यूलिप

ऑगस्टमधली दुपार. बाहेर डांबर मऊ झालेलं आणि आमच्या नर्सरीत गिऱ्हाईक म्हणून फक्त एक गृहस्थ. दुबई मरीनाच्या कुठल्याशा उंच टॉवरमध्ये राहणारे, मूळचे ठाण्याचे. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "मॅडम, ट्यूलिप लावायचेत. ॲनिव्हर्सरीला फुललेले पाहिजेत. मिसेसला सरप्राइज."

"ॲनिव्हर्सरी कधी?"

"सप्टेंबर एंड."

मी त्यांना काचेतून बाहेर बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं आणि अजिबात न डगमगता म्हणाले, "बाहेर नाही हो, बेडरूममध्ये. आमचा एसी अठरावर असतो. हॉलंडच आहे ते."

एसीत थंडी असते, हिवाळा नसतो, हे त्यांच्या गळी उतरवता उतरवता माझा चहा गार झाला. शेवटी ते प्लास्टिकचे ट्यूलिप घेऊन गेले. तेही आमच्याकडेच मिळत, मागच्या रांगेत, आणि खरं सांगायचं तर वर्षभर बरे खपत. पुढच्या वर्षी हेच गृहस्थ ऑक्टोबरात आले, निमूटपणे फ्रीझियाचे कंद घेऊन गेले आणि मार्चमध्ये त्यांनी मला फोटो पाठवला. फोटोत फुलं थोडी आणि मिसेस जास्त होत्या, पण दोन्ही खूश दिसत होती.

अल बर्शाच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या नर्सरीतून मी यंदा जूनमध्ये निवृत्त झाले. शेतकीची पदवी घेतली तेव्हा ऊस आणि ज्वारी डोळ्यांसमोर होती. नशिबात होते थंडीत फुलणारे कंद, तेही वाळवंटात. ट्यूलिप, नार्सिसस, फ्रीझिया, रॅनन्क्युलस, ॲनिमोन, ग्लॅडिओलस या मंडळींचा विभाग माझ्याकडे होता. थंड देशांत यातले ट्यूलिपसारखे कंद पानगळीत मातीत पुरतात, ते बर्फाखाली झोप काढतात आणि वसंतात वर येतात. आमच्याकडे बर्फ नाही आणि वसंत म्हणाल तर येता येताच निघून जातो. म्हणून इथे हिवाळ्यालाच वसंत मानायचं. ऑक्टोबर सरता सरता लावायचं, फेब्रुवारीत फुलं बघायची आणि एप्रिलमध्ये कुंडी रिकामी करायची.

या कुंडी रिकामी करण्याचं मला कायम थोडं वाईट वाटत आलं. ट्यूलिप इथे दुसऱ्या वर्षी फुलत नाही. एवढ्या लांबून येतो, एकदा फुलतो आणि खलास. गिऱ्हाइकाला मी हे आधीच सांगून टाकायची. मालक म्हणायचे, शुभदा, तू विकायला बसली आहेस की परावृत्त करायला? पण सांगितल्यावरही लोक घ्यायचे, आणि फसवल्याची तक्रार घेऊन कुणी परत आलं नाही याचा मला अभिमान आहे.

"फुलेल ना नक्की?" हा प्रश्न तर रोजचा. सुरुवातीला मी पुणेरी पद्धतीनं अटी आणि नियम ऐकवायची. मग एक वयस्क अमिराती बाई दर मोसमाच्या सुरुवातीला यायच्या, नार्सिससचा एकेक कंद हातात घ्यायच्या, नाकाशी धरायच्या आणि प्रत्येकाला वेगळं "इन्शाल्ला" म्हणायच्या. त्यांच्याकडून मी तो शब्द उचलला. माझ्या धंद्यात त्याहून प्रामाणिक गॅरंटी मला आजवर सापडलेली नाही.

कंद निवडायला मात्र मराठी बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. मंडईत कांदे निवडायची सवय असली की अर्धं काम झालं. हाताला जड लागला पाहिजे, दाबून कडक असला पाहिजे, मान कोरडी हवी, बुरशीचा डाग नको, कोंब आलेला नको. आणि आकारात कंजूषपणा करायचा नाही. मोठ्या कंदाचं फूल मोठं. लावतानाही साधा हिशोब आहे, कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल, टोक वर, बूड खाली, आणि कुंडीतून पाणी निथळून गेलंच पाहिजे. रॅनन्क्युलसचा कंद वाळक्या कोळ्यासारखा दिसतो, त्याच्या तंगड्या खाली करायच्या. ॲनिमोनची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे मलाही कळत नाही, म्हणून तो आडवा ठेवायचा. झाडाला त्याचं कळतं.

हे सगळं मी शनिवारी सकाळी नवशिक्यांना टेबलापाशी दाखवायची. शेजारी बशीरभाई माती कालवत असायचे. ते माझ्याआधीपासून तिथे होते आणि मी जास्त बोलायला लागले की हळूच म्हणायचे, "मॅडम, लोगों को घर भी जाना है."

मृणाल मला भेटली ती गेल्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर. अल बर्शातच राहणारी, लॉजिस्टिक्स कंपनीत फायनान्स बघणारी, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकलेलं. म्हणाली, "शुभाताई, मला यातलं काही म्हणजे काही येत नाही. मनी प्लांटसुद्धा माझ्या हातून गेलाय. पण मला बाल्कनीत फुलं हवीयेत."

कोणासाठी, असं विचारायची मला सवय होती. स्वतःसाठी फुलं घेणारा माणूस वेगळे कंद नेतो आणि दुसऱ्यासाठी घेणारा वेगळे.

"अण्णांसाठी. माझे सासरे." तिच्या सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. अण्णा पुण्यात फ्लॅटमध्ये एकटेच. निखिलनं, म्हणजे मृणालच्या नवऱ्यानं, हजार वेळा सांगून ऑगस्टमध्ये त्यांना दुबईला आणलं होतं. "पण ते राहतायत ना ताई, ते पाहुण्यासारखे. सोफ्याच्या कडेला बसतात. चहा मागत नाहीत, दिला तर घेतात. आम्ही दोघं ऑफिसला, इरा स्कूलला. मला भीती वाटते, एक दिवस उठून म्हणतील, येतो मी. आणि तिथे जाऊन करणार काय? घरात कोणीही नाही."

"झाडांची आवड आहे का त्यांना?"

"आवड सासूबाईंना. अण्णा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. सगळ्या तालुक्याला पाणी दिलं, पण घरातल्या कुंडीला कधी तांब्याभर घातलं नाही. तरी मला वाटलं, बघू या. काहीतरी उगवत असलं की माणूस थांबतो."

आई-वडिलांना इथे आणायचं आणि मग त्यांचं मन कशात रमवायचं हा प्रश्न इथल्या प्रत्येक मराठी घरात आहे. मॉल दाखवून होतात, समुद्र बघून होतो, मग ते दुपारभर खिडकीतून मेट्रो मोजत बसतात. मृणालला ते नेमकं दिसलं होतं, म्हणून ती मला आवडली.

तिला ट्यूलिपच हवे होते. मी समजावलं की नवशिक्यानं फ्रीझियापासून सुरुवात करावी, तो इथे मानवतो आणि सुवास देतो. पण फोनवर तिनं एक फोटो सेव्ह करून ठेवला होता, त्यापुढे माझं काही चालेना. मग पहिल्या टप्प्यात ट्यूलिप घे, फ्रीझियाचं दिवाळीच्या सुमाराला बघू, असं ठरलं. ट्यूलिपचे कंद लावण्याआधी बरेच आठवडे फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, म्हणजे त्यांना वाटतं की हिवाळा होऊन गेला. मी सांगितलं, वरची जाळी आणि नावाचा पुठ्ठा काढून टाक, साध्या कागदी पिशवीत ठेव, हवा लागू दे, आणि आता डिसेंबरपर्यंत विसरून जा. फळांपासून लांब ठेव हे मी सांगितलं होतं की नाही, यावर मृणालचं आणि माझं आजही एकमत नाही. सरप्राइज म्हणून तिनं घरात कुणाला काही सांगितलं नाही.

दसरा झाला आणि एका संध्याकाळी ती परत आली. चेहरा पार उतरलेला.

"अण्णा जातायत. भाऊबीज झाली की जातो म्हणाले. निखिलकडून तिकीटही बुक करून घेतलं."

"का?"

"तेच तर सांगत नाहीत. 'तुमचं चांगलं चाललंय, मला तिथली कामं आहेत,' एवढंच. कुठली कामं? ताई, माझं काही चुकलं का? ते चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत म्हणून ते आल्या दिवसापासून मी घरात आणलेलाच नाही. बिनकांद्याची ग्रेव्ही शिकले युट्यूबवर. इरा म्हणते, मम्मा, पावभाजी विदाउट अनियन इज जस्ट सॅड, पण खाते बिचारी. आणखी काय करू मी?"

मी एवढंच म्हटलं की शनिवारी त्यांना घेऊन ये, फ्रीझियाचे कंद आलेत, निदान बघून तरी जातील.

शनिवारी ती आली. सोबत अण्णा, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात घडी घातलेली कापडी पिशवी, आणि आजोबांचं बोट न धरता त्यांच्या अगदी जवळून चालणारी सातवीतली इरा. मृणाल आणि इरा कुंड्या बघायला गेल्या. अण्णा माझ्या टेबलापाशी, चार-पाच नवशिक्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून उभे राहिले. मी नेहमीप्रमाणे एक ट्यूलिपचा कंद उचलला आणि सुरीनं उभा कापला.

"हा बल्ब," मी म्हटलं. "आत बघा, थरावर थर. आणि हे अगदी मधोमध जे दिसतंय ना, ते फूल. मातीत जायच्या आधीच आत तयार असतं. आपण फक्त त्याला बाहेर यायची सोय करून द्यायची."

अण्णा पुढे आले. न कापलेला एक कंद त्यांनी उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"बाई, हे काय आहे म्हणालात?"

"ट्यूलिप."

"आणि लावेपर्यंत हे ठेवतात कुठे?"

"फ्रीजमध्ये. कागदी पिशवीत घालून."

ते बशीरभाईंच्या स्टुलावर जाऊन बसले, कंद हातातच. लोक पांगल्यावर मी पाणी घेऊन गेले. ऊन लागलं असेल असं मला वाटलं होतं.

"मी फार गाढवपणा केलाय," ते हळू आवाजात म्हणाले. आणि मग सगळं सांगून टाकलं. नवरात्रात त्यांचे उपास होते, नुसत्या फळांवर. सफरचंद घ्यायला म्हणून त्यांनी फ्रीज उघडला आणि मागे एक कागदी पिशवी दिसली. आत कांदे. "मला वाटलं, पोरांना कांदा लागतो. माझ्या चातुर्मासापायी सुनेला तो चोरून आणावा लागतोय आणि लपवून ठेवावा लागतोय. मला राग नाही आला हो. मलाच माझी लाज वाटली. ज्या घरात सुनेला कांदा लपवायची पाळी येते, त्या घरात म्हाताऱ्यानं किती दिवस राहायचं?"

"मग विचारलं का नाही तिला?"

"विचारून तिला ओशाळं कशाला करायचं? मी पाहिलं हे तिला कळूसुद्धा नये, म्हणून मी ती पिशवी आणखी मागे सारली आणि माझी सफरचंदं तिच्यापुढे रचून ठेवली. रोज नवी आणली की तिथेच."

हे ऐकून माझे डोळे भरून आले. इतक्या हळुवारपणे एखाद्याचं गुपित झाकणारा माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता. पण माझ्या डोक्यातला नर्सरीचा कोपरा काही गप्प बसेना. "सफरचंदं?" मी विचारलं. "पिशवीला लागून? नवरात्रापासून?"

"हो. का? काय झालं?"

सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं. पण खोटी आशा विकायची सवय मला लागली नव्हती. मी सांगितलं. पिकणाऱ्या सफरचंदातून एक वायू सुटतो. केळी पिकवायला लोक शेजारी सफरचंद ठेवतात ते त्यासाठीच. पण त्या वायूनं कंदाच्या आतलं फूल आतल्या आत सुकून जातं. वरून काही कळत नाही. पानं येतात, फूल येत नाही.

अण्णांनी हातातला कंद टेबलावरच्या त्या दोन कापलेल्या अर्ध्यांशेजारी ठेवला.

तेवढ्यात मृणाल आणि इरा कुंड्यांची गाडी ढकलत आल्या. अण्णा उठून उभे राहिले. "मृणाल," ते म्हणाले, "फ्रीजमधले ते कांदे नाहीत, हे मला आज कळलं."

"कुठले कांदे, अण्णा?"

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. मृणाल ऐकता ऐकता मातीच्या पोत्यांवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली हे तिलाही कळलं नाही. इरा आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. "आजोबा, यू थॉट मम्मा वॉज स्मगलिंग अनियन्स?"

"हो गं बाई. तेच वाटलं."

"अण्णा, मला कांदा नकोय," मृणाल डोळे पुसत म्हणाली. "वर्षभर नाही मिळाला तरी चालेल. ते तुमच्यासाठी होते. तुम्हीच लावायचे होते."

अण्णा पुन्हा स्टुलावर बसले. म्हणाले, "पण तिकीट तर काढून झालंय गं."

अशा वेळी जवळच्या माणसांना राहा म्हणणं जड जातं. ती मान राखत बसतात. मी परकी होते आणि मला गिऱ्हाइकांशी घासाघीस करायची अठ्ठावीस वर्षांची सवय होती. मी म्हटलं, "मृणाल, ट्यूलिपचं आता काही सांगता येत नाही. फ्रीझिया आणि रॅनन्क्युलस तू नक्की लाव. पण मला सांग, दिवसा घरी कोण असतं?"

"कोणीच नाही."

"मग मी तुला कंद देणार नाही."

बशीरभाईंचं फावडं थांबलं. मी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतेय हे दृश्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"रोज सकाळी मातीत बोट घालून ओल बघायला माणूस लागतो," मी म्हटलं. "जास्त पाणी झालं की कंद कुजतो, कमी झालं की कोंब जळतो. ऑफिसला जाणाऱ्यांचं हे काम नाही. माणूस नसेल तर उगाच जीव कशाला घ्यायचा?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस, समोरचा कुठला बांध घालतोय हे त्यांना लगेच कळलं. "बाई, तुम्ही मला अडकवताय."

"हो," मी म्हटलं.

"कधीपर्यंत?"

"फेब्रुवारी संपेपर्यंत."

"आणि फुलतील?"

"इन्शाल्ला."

ते हसले. मग फ्रीझियाचा एक कंद उचलून म्हणाले, "हाही कापून दाखवा." मी कापला. फ्रीझियाचा कंद हा कॉर्म असतो, त्यात थर नसतात, नुसता भरीव गर. अण्णांनी तो निरखला. "हा तर सुरणासारखा."

"अगदी बरोबर. बल्ब कांद्यासारखा, कॉर्म सुरणासारखा."

"म्हणजे एक चातुर्मासात वर्ज्य आणि दुसरा उपासाला चालतो." त्यांनी जरा विचार केला. "मग हे आत्ता लावू. ते कांदेवाले कार्तिकी एकादशी झाल्यावर. खायचे नसले म्हणून काय झालं, दिसतात तर तसेच."

गंमत म्हणजे माझ्या शास्त्रातही हेच वेळापत्रक होतं. फ्रीझिया नोव्हेंबरात, ट्यूलिप डिसेंबरात. मी तेव्हापासून प्रत्येक मराठी गिऱ्हाइकाला बल्ब आणि कॉर्ममधला फरक अण्णांच्या पद्धतीनं समजावला, आणि तो पुन्हा कधी समजवावा लागला नाही. फक्त पुढे एक वाक्य जोडायची, यातलं काहीही खायचं नाही, नार्सिसस तर विषारीच, आणि फ्रीजमधल्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा.

तिकीट पुढे ढकललं गेलं. व्हिसाचं निखिलनं बघितलं. आणि माझ्या फोनवर रोज सकाळी अण्णांचा अहवाल सुरू झाला. ते पाण्याला पाणी म्हणत नसत, कालव्याच्या पाण्यासारखं आवर्तन म्हणत. "आज पूर्वेकडच्या कुंड्यांचं आवर्तन झालं. उद्या कठड्यावरच्या." एसीच्या नळीखाली त्यांनी बादली लावली आणि तिला धरण असं नाव दिलं. प्रत्येक नवशिका करतो ती चूकही त्यांनी केली. आठवडाभर काही वर येईना म्हणून एक कंद उकरून पाहिला, मुळं फुटलेली दिसली म्हणून खूश होऊन परत पुरला, आणि दुसऱ्या दिवशी शेजारचा उकरला. मी रागावले. म्हटलं, अण्णा, धरणाचं पाणी बघायला कोणी भिंत फोडतं का? मग थांबले.

मी त्यांच्या घरी एकदा गेले, जानेवारीत. बाल्कनी पूर्वेची, कोवळ्या उन्हाची, कंदांना हवी तशी. अण्णा सोफ्याच्या कडेला नव्हते. बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारत होते, "मृणाल, चहा टाक गं, दोन कप." मृणालनं माझ्याकडे पाहिलं. ते चहा मागत नाहीत असं ती म्हणाली होती, ते दोघींनाही आठवलं.

फेब्रुवारीत फ्रीझिया फुलला. पिवळा, जांभळा, पांढरा. इरानं त्याचा व्हिडिओ पाठवला, व्हिडिओत वास येत नाही म्हणून वर लिहिलं, इट स्मेल्स लाइक ग्रेप्स अँड पेपर. रॅनन्क्युलसही आला. ट्यूलिपची पानं आली, जाड, हिरवीगार, आणि त्यापुढे काही नाही. एका सकाळी अण्णा स्वतः नर्सरीत आले. खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला. आत पानांच्या बुडातून सोलून काढलेली तपकिरी, कागदासारखी वाळलेली एक इवली कळी होती.

"आत होतं हो फूल," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात तसं. तयार होतं."

मी म्हटलं की दुबईत चांगल्या फ्रीजमधलेही काही फसतात, आमच्या शोभेच्या वाफ्यात दरवर्षी फसतात.

"ते असेल. पण हे माझ्या सफरचंदांनी गेलं." त्यांनी तक्रार केली नाही आणि स्वतःला बोलही लावला नाही. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बशीरभाईंशी पुढच्या वर्षीच्या मातीबद्दल बोलत बसले. पुढच्या वर्षी हा शब्द मी ऐकला. पण लोक बोलण्याच्या ओघात बरंच काही म्हणतात.

मार्चअखेर ते पुण्याला गेले. उन्हाळा इथे नको, तिथलीही काही बिलं बघायची आहेत, असं म्हणून. मृणालनं विचारलं, परत कधी येणार? ते म्हणाले, बघू. मेमध्ये मी तिला पुन्हा भेटले तेव्हाही ती तेच सांगत होती. "फोनवर सगळं बोलतात. इराचा अभ्यास विचारतात. यायचा विषय काढला की बघू म्हणतात. ताई, मी काही जबरदस्ती नाही करणार. पण बाल्कनीत त्यांची खुर्ची आहे ती मी हलवलेली नाही."

जूनमध्ये माझा शेवटचा दिवस झाला. समोसे, केक, मालकांचं छोटं भाषण. बशीरभाईंनी मला पेरणीची छोटी खुरपी दिली आणि म्हणाले, "मॅडम, अब आराम." अल कुसैसच्या घरी येऊन मी ती खिडकीत ठेवली. मग काही दिवस खरंच बरे गेले आणि नंतर मन खट्टू व्हायला लागलं. ऑक्टोबरात आपल्याला कोणी फोन करणार नाही, फुलेल ना नक्की असं विचारणार नाही, याची आत्तापासून चुटपुट लागली. इतकी वर्षं मी वाळवंटात एका मोसमाची फुलं विकली. तक्रारीला जागा होती, पण मनात मोजायला बसले तर आभारच जास्त निघाले. रिकामी कुंडी घेऊन अनोळखी माणसं माझ्याकडे आली आणि कोणासाठी, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. एवढा विश्वास कुठल्या नोकरीत मिळतो, मला माहीत नाही.

अशाच एका दुपारी पुण्याहून फोन आला.

"बाई, अण्णा बोलतोय. आज कांदेनवमी."

आषाढी एकादशीच्या आधी येते ती नवमी. चातुर्मासात कांदा बंद म्हणून त्या दिवशी आमच्याकडे पोटभर खाऊन घेतात.

"शेजाऱ्यांकडे भजी खाल्ली," ते म्हणाले. "झुणकाही होता. परवा एकादशी. कांदा-लसूण तर दरवर्षीच सोडतो. पण चातुर्मासाचा नेम म्हणून आणखी एक आवडीचं सोडायचं असतं. हिनं दरवर्षी काही ना काही सोडलं. एका वर्षी चहा सोडला होता, सगळ्या घराला त्रास."

"मग यंदा तुम्ही काय सोडताय?"

"सफरचंद."

मी म्हटलं, "अहो अण्णा, पण पुण्यातल्या तुमच्या फ्रीजमध्ये कुठे ट्यूलिप आहेत?"

"पुण्यात नाहीत. पण नेम एकादशीलाच धरावा लागतो, मध्येच नाही धरता येत. तुमच्याकडे कंद गणपतीच्या सुमारालाच येतात ना?"

"हो."

"मग झालं तर," अण्णा म्हणाले. "मृणालला इतक्यात काही बोलू नका. तिकीट काढलं की मीच सांगेन."